सर दोराबजी टाटा : पोलाद कारखान्यापासून कर्करोग रुग्णालयापर्यंत

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन करण्यात आले. कर्करोग झाला म्हणजे सारे संपले, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. केवळ या एका रोगाच्या उपचारासाठी ८० खाटांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहावे, ही गोष्ट त्यामुळे अनेकांना धाडसाची वाटली. ज्यांच्या संपत्तीतून हे रुग्णालय उभे राहिले, ते सर दोराबजी टाटा मात्र हा सोहळा पाहण्यास हयात नव्हते. त्यांच्या निधनास तेव्हा पावणेनऊ वर्षे झाली होती, आणि ज्यांच्या आजारपणातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली, त्या लेडी मेहेरबाई टाटा यांना जाऊन जवळपास दहा वर्षे.

दोराबजी टाटा यांचे नाव सामान्यतः पोलाद, वीज आणि ऑलिम्पिक या तीन संदर्भांत घेतले जाते. धर्मादाय न्यासाच्या मार्गाने रुग्णसेवेला कायमस्वरूपी आर्थिक आधार मिळवून देण्याचे त्यांचे काम त्या मानाने मागे पडले. प्रत्यक्षात देशाच्या कानाकोपऱ्यातून परळला येणाऱ्या लाखो कुटुंबांशी त्यांचा जो संबंध आला, तो याच कामामुळे.

उद्योगपती जमशेटजी नसरवानजी टाटा आणि हिराबाई यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. शालेय शिक्षण मुंबईत झाल्यानंतर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. १८७७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील दोन वर्षांत पुस्तकांपेक्षा मैदानावर त्यांचे नाव अधिक झाले. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये त्यांनी प्रावीण्य मिळविले. १८७९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले.

वडिलांच्या पेढीत थेट बसण्याऐवजी दोराबजींनी दोन वर्षे बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात पत्रकार म्हणून काम केले. १८८४ मध्ये ते टाटांच्या कापूस व्यवसायात आले. कापडगिरणी काढणे फायद्याचे ठरेल का, हे पाहण्यासाठी त्यांना पाँडिचेरीला पाठविण्यात आले. त्यानंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी गिरणीधंद्याचे शिक्षण घेतले. धनिक घरातील थोरल्या मुलाला गिरणीच्या धुळीत उभे करण्याची जमशेटजींची ही रीत पुढे पोलाद कारखान्याच्या उभारणीत उपयोगी पडली.

दोराबजींचा विवाहही वडिलांच्याच पुढाकाराने जुळला. कामानिमित्त म्हैसूर संस्थानात गेले असता जमशेटजींची तेथील शिक्षण खात्याचे प्रमुख डॉ. होरमसजी भाभा यांच्याशी भेट झाली. भाभा यांची कन्या मेहेरबाई त्यांच्या मनात भरली आणि पुढे त्यांनी दोराबजींना भाभा कुटुंबाची भेट घेण्यास सांगितले. विवाहाच्या वेळी दोराबजींचे वय ३८ वर्षांचे होते, तर १८७९ मध्ये जन्मलेल्या मेहेरबाई त्यांच्यापेक्षा २० वर्षांनी लहान होत्या. मेहेरबाईंचे बंधू जहांगीर भाभा यांचे पुत्र म्हणजे भारतीय अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा. आत्याच्या आजाराशी जोडलेल्या रुग्णालयाच्या वाटचालीत या भाच्याचाही वाटा असणार होता.

जमशेटजींचे १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे निधन झाले. पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि उच्च विज्ञानसंस्था ही त्यांची तीन मोठी कामे तेव्हा कागदावरच होती. ती पूर्णत्वास नेण्याची जबाबदारी दोराबजी, त्यांचे धाकटे बंधू रतनजी आणि नातेवाईक व सहकारी आर. डी. टाटा यांच्यावर आली.

लोहखनिजाचा शोध जमशेटजींच्या हयातीतच सुरू झाला होता. दोराबजी, अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड आणि जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला यांनी चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात बैलगाड्यांतून भटकंती केली. (हेच शापुरजी पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट सदस्य म्हणून गाजले.) चांद्याचे खनिज कारखान्याला पुरेल इतके नव्हते. हा नाद सोडून द्यावा, असे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरला अधिकाऱ्यांकडे गेले. संबंधित अधिकारी भेटण्यास अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भीय नकाशावर दुर्ग भागात लोहखनिज दर्शविणाऱ्या गडद खुणा त्यांच्या नजरेस पडल्या आणि शोधाला नवी दिशा मिळाली. दुर्गच्या टेकड्यांत उत्तम खनिज सापडले, परंतु जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. अखेर भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये पत्राने कळविलेल्या मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानी येथील साठ्यांमुळे जागेचा प्रश्न सुटला.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची स्थापना २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली. लंडनच्या भांडवल बाजारात प्रतिसाद न मिळाल्याने दोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच भागविक्री करण्याचा निर्णय घेतला. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते. मुंबईतील टाटांच्या कचेरीपुढे लोकांची रीघ लागली आणि तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भागधारकांनी आवश्यक भांडवल उभे केले. खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. साकची येथे फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला. १९१९ मध्ये या गावाला जमशेटजींच्या स्मरणार्थ जमशेदपूर हे नाव देण्यात आले. दोराबजींना त्यापूर्वीच, १९१० मध्ये, सर हा किताब मिळाला होता.

रुग्णसेवेच्या दृष्टीने जमशेदपूरचा उल्लेख वेगळ्या कारणासाठीही करावा लागतो. जंगल तोडून वसविलेल्या या गावात हिवतापासारख्या रोगांचा उपद्रव मोठा होता. कारखान्याच्या उभारणीबरोबरच १९०८ मध्ये तेथे दवाखाना सुरू करण्यात आला. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत लागू झाली. कामगारांना अशी मदत देणे कायद्याने बंधनकारक होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. याच कारखान्यात १९२० आणि १९२२ मध्ये मोठे संप झाले, हेही नमूद करणे आवश्यक आहे. दवाखाना होता म्हणून वेतनाची तक्रार मिटली नव्हती.

जलविद्युत प्रकल्पांचा इतिहास महाराष्ट्राला अधिक जवळचा. १९१० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. या यशानंतर मुळशी येथे धरण बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यात मावळातील सुमारे ५० गावांच्या जमिनी जाणार होत्या. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हा धरणग्रस्तांचा जगातील आरंभीचा संघटित लढा मानला जातो. सत्याग्रह अयशस्वी ठरला आणि धरण झाले. टाटांच्या दातृत्वाचा गौरव करणाऱ्या चरित्रलेखांत मुळशीचा उल्लेख अनेकदा टाळला जातो. तो टाळण्याचे कारण नाही. पुढे ज्या संपत्तीचा न्यास झाला, तिच्यात या विजेचाही वाटा होता.

खेळाची आवड दोराबजींनी अखेरपर्यंत जपली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. तेथे १९१९ मध्ये झालेल्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची वेळ पाहून, हे तरुण युरोपातील स्पर्धांमध्येही उतरू शकतील, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्या पुढाकाराने आणि आर्थिक मदतीने १९२० मध्ये सहा खेळाडूंचा संघ अँटवर्प ऑलिम्पिकला गेला. फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ व्या क्रमांकावर आले. कुस्तीपटू रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडेच आले.

मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिसपटू होत्या आणि साडी नेसून खेळत असत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी महंमद सलीम यांच्यासमवेत त्यांचे नाव नोंदविण्यात आले होते. स्त्रीशिक्षण, मताधिकार, पडदा प्रथेचे निर्मूलन आणि बालविवाह प्रतिबंध या विषयांवर त्यांनी देशात आणि परदेशात काम केले. १९२९ च्या सारडा कायद्याच्या मसुद्याबाबतही त्यांचे मत घेण्यात आले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजींनी पत्नीसाठी ज्युबिली हा हिरा खरेदी केला. दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेन खाणीत १८९५ मध्ये सापडलेल्या या हिऱ्याला १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवावरून हे नाव मिळाले. पैलू पाडल्यानंतर त्याचे वजन २४५ कॅरेटहून अधिक, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून जास्त आहे. या हिऱ्याची चर्चा समारंभांपेक्षा संकटाच्या वेळी अधिक झाली.

पहिल्या महायुद्धात टाटा पोलादाला मोठी मागणी होती. युद्धानंतर कारखान्याचा खर्चिक विस्तार हाती घेण्यात आला आणि नेमक्या त्याच वेळी किमती कोसळल्या. युरोपातून स्वस्त पोलाद येऊ लागले. जपान हा मोठा ग्राहक होता, परंतु १९२३ च्या भूकंपाने तेथील मागणीही घटली. १९२४ मध्ये कामगारांचे वेतन देण्यापुरतेही पैसे नाहीत, असा संदेश जमशेदपूरहून मुंबईला आला. दोराबजींनी आपली जवळपास सर्व वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कंपनीसाठी एक कोटी रुपयांचे कर्ज मिळविले. या तारणात पत्नीचे दागिने होते आणि ज्युबिली हिराही होता. त्याच वर्षी सरकारने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. कारखाना वाचला, तारण सुटले आणि दागिने घरी परत आले. मात्र या घटनेनंतर दोराबजींच्या दृष्टीने त्या दागिन्यांचा अर्थ बदलला असावा, असे त्यांनी पुढे आठ वर्षांनी जे केले त्यावरून वाटते.

१९३१ मध्ये मेहेरबाई युरोपात असताना त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. क्ष-किरण आणि रेडियम यांचा वापर अन्य कर्करोगांवर होऊ लागला होता, पण रक्ताच्या कर्करोगापुढे डॉक्टर हतबल होते. १८ जून १९३१ रोजी नॉर्थ वेल्समधील शुश्रूषागृहात वयाच्या ५१ व्या वर्षी मेहेरबाईंचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत, जमशेटजींच्या समाधीजवळ, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

दोराबजी तेव्हा ७१ वर्षांचे होते. अपत्य नव्हते. धाकटे बंधू रतनजी १९१८ मध्येच गेले होते आणि त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये एक न्यास स्थापन झालेला होता. मेहेरबाईंच्या निधनानंतर वर्षभराच्या आत दोराबजींनी जी पावले उचलली, त्यांना भारतीय धर्मादाय कार्याच्या इतिहासात तोड नाही.

पहिले पाऊल म्हणजे ११ मार्च १९३२ रोजी स्थापन झालेला सर दोराबजी टाटा न्यास. टाटा सन्स, इंडियन हॉटेल्स आणि अन्य कंपन्यांमधील आपला हिस्सा, स्थावर मालमत्ता आणि पत्नीचे २१ दागिने असे सारे त्यांनी न्यासाला दिले. या मालमत्तेचे मूल्य तेव्हा सुमारे एक कोटी रुपये होते. शिक्षण व संशोधनाची प्रगती, संकटग्रस्तांना मदत आणि इतर धर्मादाय कामे यांसाठी, स्थळ, राष्ट्र वा धर्म यांचा भेद न करता, हा पैसा खर्च करावा, असे न्यासपत्रात नमूद करण्यात आले. त्या काळातील बहुतेक धर्मादाय निधी एखाद्या जातीसाठी, पंथासाठी किंवा गावासाठी राखून ठेवलेले असत. पारशी समाजातही तशीच प्रथा होती. त्या पार्श्वभूमीवर ही अट महत्त्वाची ठरते.

त्यापाठोपाठ एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल न्यास स्थापन करण्यात आला. त्याच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातील रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आणि एक पंचमांश भाग भारतात मानवी व्याधींच्या निवारणासाठी होणाऱ्या वैज्ञानिक संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. ज्या रोगाने पत्नी गेली त्यावर भारतात त्या वेळी संशोधन होण्याजोगी साधने नव्हती, म्हणून पैसा जेथे काम होऊ शकेल तेथे जावा, अशी ही योजना होती. भारतीय पैसा युरोपातील प्रयोगशाळांकडे का जावा, असा प्रश्न कोणाला पडू शकेल. परंतु रक्ताच्या कर्करोगावर पुढे जे उपचार सापडले, ते भारतातील रुग्णांपर्यंतही पोहोचले. महिलांच्या उच्च शिक्षणासाठी मेहेरबाईंच्या नावे आणखी एक निधी त्याच सुमारास उभारण्यात आला.

या दानाचे वेगळेपण त्याच्या स्वरूपात आहे. एखाद्या दात्याने रुग्णालयाला रोख रक्कम दिली, तर इमारत उभी राहते, यंत्र येते आणि रक्कम संपते. दोराबजींनी प्रामुख्याने कंपन्यांचे भाग दिले. कंपन्यांना नफा झाला की लाभांश न्यासाकडे येतो. मूळ ठेव तशीच राहते आणि दरवर्षीच्या उत्पन्नातून अनुदाने देता येतात. सर दोराबजी टाटा न्यासाकडे टाटा सन्सचे सुमारे २८ टक्के भाग आहेत. रतनजींचा न्यास आणि अन्य संलग्न न्यास मिळून हे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवर जाते. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. उद्योग तोट्यात गेल्यास लाभांश आटतो आणि अनुदानावर विसंबलेल्या संस्थांना त्याची झळ बसते. तसेच उद्योगसमूहाची मालकीच न्यासांकडे असल्याने विश्वस्तांच्या हाती मोठी सत्ता येते, आणि त्याबाबत अलीकडच्या काळात वादही झाले आहेत.

न्यासपत्रावर सही केल्यानंतर दोराबजी युरोपला निघाले. पत्नीच्या समाधीला भेट देण्याचा त्यांचा मानस होता. तेथे पोहोचण्यापूर्वीच ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. न्यास स्थापन होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. ब्रुकवुड येथे मेहेरबाईंशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

आता पैसा होता, पण त्याचे काय करायचे हे विश्वस्तांना ठरवायचे होते. परदेशात मिळणारे कर्करोगावरील उपचार आपल्या लोकांनाही मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. रेडियम अत्यंत महाग होते. ते विकत घेऊन एखाद्या चालू रुग्णालयाला देणे हा सोपा मार्ग होता. परंतु केवळ साधन देऊन भागत नाही. ते वापरणारे डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, रोगनिदानाची प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित परिचारिका नसतील, तर रेडियम तिजोरीतच राहते, हे विश्वस्तांच्या ध्यानात आले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रोगनिदान या सर्वांची सोय एकाच ठिकाणी असलेले स्वतंत्र रुग्णालय बांधण्याचा निर्णय त्यातूनच झाला. समूहाचे तत्कालीन अध्यक्ष सर नवरोजी सकलातवाला यांनी हे काम पुढे नेले. १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर जे. आर. डी. टाटा यांनी ती जबाबदारी स्वीकारली. ज्युबिली हिरा १९३७ मध्ये कार्तिये या पेढीमार्फत पॅरिसमधील एका उद्योगपतीला विकण्यात आला आणि ती रक्कम न्यासाच्या निधीत जमा झाली. पोलाद कारखान्यासाठी तारण राहिलेला हिरा अशा रीतीने अखेर धर्मादाय कामी आला.

कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. जॉन स्पाइस यांना अमेरिकेतून बोलावून रुग्णालयाची धुरा सोपविण्यात आली. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी प्रयोगशाळा नावारूपाला आणली. तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध, तसेच भारतीय समाजगटांमधील कर्करोगाचे वेगवेगळे प्रमाण या विषयांवर त्यांनी केलेले काम आजही आधारभूत मानले जाते. शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी भारतीय डॉक्टरांची पिढी येथे घडविली.

उद्घाटनाच्या वेळी रुग्णालयाचा वार्षिक खर्च सुमारे ५ लाख रुपये होता. तो न्यास उचलू शकत होता. पुढील पंधरा वर्षांत रुग्णांची संख्या वाढत गेली, नवी यंत्रे आली आणि खर्चाचा भार एका न्यासाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे सोपविण्यात आले. १९६२ मध्ये त्याचा प्रशासकीय ताबा अणुऊर्जा विभागाकडे गेला. कर्करोगाच्या निदानात आणि उपचारात किरणोत्साराचे महत्त्व वाढत जाणार, हे जे. आर. डी. टाटा आणि डॉ. होमी भाभा यांनी ओळखले होते. १९६६ मध्ये रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल केंद्र अस्तित्वात आले. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. भाभा यांचे विमान अपघातात निधन झाले होते.

रुग्णालयाला यंत्र देणे आणि ते चालू ठेवणे यांतील फरक किरणोपचाराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. एकदा घेतलेले रेडियम पिढ्यान्‌पिढ्या पुरते. त्याची जागा घेणाऱ्या कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल मात्र सव्वापाच वर्षांचा आहे. म्हणजे दान मिळालेल्या कोबाल्ट यंत्राची किरणशक्ती पाच वर्षांत जवळपास निम्म्यावर येते. एका रुग्णाला यंत्राखाली अधिक वेळ ठेवावे लागते, दिवसभरात कमी रुग्ण होतात आणि काही वर्षांनी किरणोत्सारी स्रोत बदलण्यासाठी पुन्हा मोठी रक्कम लागते. आज वापरात असलेल्या लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रांना स्रोत लागत नाही, पण त्यांची किंमत कोट्यवधी रुपयांत असते आणि देखभालीचा करारही महाग असतो. देणगीदाराच्या नावाची पाटी यंत्रावर लागते. देखभालीच्या करारावर पाटी लावण्याची सोय नसते. त्यामुळे यंत्रासाठी दाते मिळतात, दुरुस्तीसाठी मिळत नाहीत, हा अनेक रुग्णालयांचा अनुभव आहे. नियमित उत्पन्न असलेला न्यास किंवा सरकारी अनुदान ही उणीव भरून काढू शकते. टाटा मेमोरियलच्या बाबतीत दोन्हींचा मेळ बसला.

याच गरजेतून भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट उपचार यंत्र विकसित केले. पहिले यंत्र २००५ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात बसविण्यात आले. आयात यंत्रांपेक्षा ते स्वस्त असल्याने लहान शहरांतील रुग्णालयांनाही घेता आले. मेहेरबाईंच्या भाच्याचे नाव अशा प्रकारे या कथेत पुन्हा आले.

परळच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार केले जातात. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांतून येणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. उपचार अनेक महिने चालतात. औषध मिळाले तरी राहायचे कोठे, खायचे काय आणि गावी परतायचे कसे, हे प्रश्न उरतातच. पदपथावर पथारी टाकून राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे रुग्णालयाबाहेरील परिचित दृश्य आहे. वांद्रे येथील डॉ. बोर्जेस यांच्या नावाचे निवासस्थान, दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा आणि अनेक लहान-मोठ्या संस्था काही रुग्णांची सोय करतात, पण ती सर्वांना पुरत नाही.

रुग्ण मुंबईला आणण्यापेक्षा उपचार रुग्णाच्या राज्यात नेण्याचा प्रयत्न अलीकडे होत आहे. टाटा न्यासांच्या साहाय्याने उभारलेले वाराणसीचे महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे संचालन टाटा मेमोरियल केंद्राकडे आहे. आसाममध्ये राज्य सरकार आणि टाटा न्यासांच्या भागीदारीत उभारण्यात आलेल्या सात कर्करोग रुग्णालयांचे लोकार्पण २८ एप्रिल २०२२ रोजी दिब्रुगड येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. दोराबजींच्या वेळी न्यास एकट्याने रुग्णालय बांधत असे. आता जमीन, इमारत, यंत्रे आणि मनुष्यबळ यांचा खर्च सरकार आणि न्यास वाटून घेतात.

दोराबजींच्या न्यासाने रुग्णालयापूर्वीही एक संस्था काढली होती. १९३६ मध्ये मुंबईत नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. रुग्णाची आर्थिक स्थिती जाणून घेणे, त्याला कोणत्या निधीतून मदत मिळू शकते हे पाहणे, वेगवेगळ्या न्यासांचे अर्ज भरून देणे आणि निवासाची सोय लावणे ही कामे रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक करतात. त्यांचे पद्धतशीर प्रशिक्षण भारतात याच संस्थेत सुरू झाले. परळच्या बाह्यरुग्ण विभागात गावाहून आलेला माणूस हातात कागदांची पिशवी घेऊन उभा राहतो, तेव्हा डॉक्टरांइतकेच त्याला या समाजसेवकाच्या टेबलापर्यंत पोहोचावे लागते.